सुटलेल्या ओळी

१९ जानेवारी २०२५, रविवार

आज शाळेच्या व्हरांड्यात बायकांचं रक्त तपासायचं शिबिर झालं. नवज्योती महिला मंडळानं भरवलं होतं. हट्टा आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या बाया सकाळी नऊपासून रांगेत. पल्लवी सिस्टर बोटाला सुई टोचायच्या, मशीनवरचा आकडा बघायच्या आणि रजिस्टरात लिहायच्या. मी माईकची वायर जोडायला गेलो होतो. मंडळाच्या अध्यक्ष नीलांबरीबाई गर्दीकडं बघत म्हणाल्या, "सर, एवढ्या जणींना एकेक कागद हातानं लिहून कोण देणार?"

मी म्हणालो, "हाताची गरज नाही. मी प्रोग्राम लिहून देतो."

तोंडातून निघून गेलं. मी कॉम्प्युटर क्लास चालवतो, झेरॉक्स काढतो, काउंटरवर वह्या-पेन्सिली विकतो. वीस वर्षांत शेकडो पोरापोरींना एक्सेल शिकवलं. प्रोग्राम मात्र आजपर्यंत एकही लिहिलेला नाही. नीलांबरीबाईंना हे माहीत नाही. म्हणून आज खतवाल्यानं दिलेली डायरी उघडली आहे. उद्या कुणी विचारलं की सर, हे केलं कसं, तर सगळं टिपलेलं असावं.

करुणा शिबिराला गेली होती का, विचारायचं राहिलं. मी घरी आलो तेव्हा ती दिवेलागणीलाच झोपली होती.

२२ जानेवारी

मंडळाच्या दोघींनी रजिस्टरावरून एक्सेलमध्ये माहिती भरून पाठवली. ६४३ ओळी. नाव, वय, वस्ती, हिमोग्लोबिन. मला करायचं एवढंच की प्रत्येक ओळीतून एक छापील कागद निघाला पाहिजे, वर नाव, मध्ये आकडा, खाली सल्ला. व्हिडिओ बघून पायथन शिकायला घेतलं. सकाळपासून संगणकानं माझं नाव पडद्यावर लिहून दाखवलं, एवढी प्रगती आहे.

करुणा दुकानात चहा घेऊन आली. वरच्या घरातून खाली यायला बारा पायऱ्या, पण बाई मध्येच सहाव्या पायरीवर बसली होती. चहा गार झाला. मी बोललो, तर म्हणाली, "जरा टेकले. कागद कधी निघतेत तुमचे?"

म्हणालो, पंधरा दिवस.

"सगळ्या बायांचे निघतेत ना?"

अठरा वर्षांच्या संसारात तिनं माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा एवढं विचारलं. बरं वाटलं.

२७ जानेवारी

मराठी अक्षरांनी जीव नकोसा केला आहे. पडद्यावर नीट दिसतात, पीडीएफ काढली की वेलांट्या जागा सोडून पळतात आणि जोडाक्षरं सुटी होतात. 'हिमोग्लोबिन' हा शब्द असा छापून आला की वाचताना जीभ अडकते. पाच फॉन्ट बदलून झाले.

करुणा शनिवार-रविवार डोंगरकड्याला माहेरी हळद काढायला गेली होती. काल आली ती पिवळीधमक होऊन. हातपाय तर ठीक, चेहराही पिवळट. म्हणालो, साबण लावून धू. म्हणाली, धुतला.

३० जानेवारी

दुकानात उंदीर झाला आहे. पाटीवरच्या पांढऱ्या पेन्सिलींचा खोका मागच्या आठवड्यात फोडला, आज निम्मा रिकामा. विक्री तर दहा-बाराची. खडूही कमी वाटतात. बाजूला बिस्किटाचे पुडे आहेत, त्यांना तोंड लावलेलं नाही. असा उंदीर मी पाहिला नाही. खोक्याजवळ पिंजरा लावला आणि त्यात भाकरीचा तुकडा ठेवला.

करुणाला दाखवलं. ती पिंजऱ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "भाकरीनं न्हाई फसायचा तो."

२ फेब्रुवारी, रविवार

आज रस्ता सापडला. पीडीएफ थेट बनवायचीच नाही. पायथननं प्रत्येक बाईचं एक वेब पान तयार करायचं आणि ते ब्राउझरमधून छापायचं. वेलांट्या सगळ्या आपापल्या जागी बसल्या. मी दोन वेळा 'हिमोग्लोबिन' मोठ्यानं वाचलं. समोरच्या पानपट्टीवाल्या जळबानं विचारलं, सर, कुणाला हाक मारून राहिले?

३ फेब्रुवारी

सिस्टरांनी सल्ल्याचा मजकूर दिला. सातच्या खाली आकडा असेल तर नाव आणि सल्ला लाल रंगात, खाली 'तातडीने दवाखान्यात या'. त्यासाठी वसमतहून रंगीत शाई मागवली. मग लक्षणांची यादी : सतत थकवा, पायऱ्या चढता-उतरता धाप, चेहरा पिवळट किंवा पांढुरका पडणे, माती, खडू, पाटीची पेन्सिल खावीशी वाटणे.

शेवटची ओळ मला जरा विचित्रच वाटली. पेन्सिल कोण खातं? शिवाय कागदावर जागा कमी पडत होती. ती ओळ काढून टाकली. मजकूर आता एका पानात नेमका बसतो.

पिंजरा रिकामाच. भाकरी वाळून गेली.

६ फेब्रुवारी

प्रोग्राम ६४३ ओळी वाचायला निघतो आणि छत्तिसाव्या ओळीला अडखळून बंद पडतो. दिवसभर हेच. आकड्याच्या जागी त्याला काहीतरी वेगळं दिसतं आणि तो रुसतो. शेवटी एक युक्ती मिळाली. दोन शब्द आहेत, ते लावले की प्रोग्रामला सांगता येतं : एखादी ओळ समजली नाही तर सोडून दे आणि पुढं चल. लावले आणि एका मिनिटात काम खलास. सगळ्या कागदांची रांग लागली.

जेवताना करुणाला ही युक्ती समजावून सांगितली. तिला कौतुक वाटेल असं वाटलं होतं. ती ताटातला भात चिवडत म्हणाली, "समजलं न्हाई तर सोडून द्यायचं. यात नवं काय हाय? तुमी तर पहिल्यापासून असंच करता."

बायकांना तांत्रिक गोष्ट सांगणं अवघड आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

छपाई पूर्ण. प्रिंटर दोनदा अडकला, बाकी निर्विघ्न. एकही कागद लाल निघाला नाही. गाव ठणठणीत आहे म्हणायचं. शाई मात्र उगाच आणली.

नीलांबरीबाईंनी विचारलं, सर, नावं एकदा वाचून बघितली का? मी म्हणालो, नावं मी वाचत नाही, प्रोग्राम वाचतो. फायदा तोच तर आहे.

११ फेब्रुवारी

शाळेत कागद वाटले. माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. नीलांबरीबाई बोलल्या की सरांनी महिनाभराचं काम एका मिनिटात केलं. मी दोन शब्द बोललो. ते दोन शब्द वीस मिनिटं चालले असं करुणा म्हणते.

ती मागं खांबाला टेकून बसली होती. नावं पुकारून संपली तरी बसूनच. सगळ्या गेल्यावर उठली. मी विचारलं, तुझा कागद?

"माझा न्हाई आला."

म्हणजे ती शिबिराला गेली नव्हती. मनात आलं, स्वतःच्या नवऱ्याचं काम, आणि हिलाच सवड नाही.

१३ फेब्रुवारी

अकराच्या सुमारास पल्लवी सिस्टर आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"सर, लाल कागद किती निघाले?"

"एकही नाही," मी आनंदानं सांगितलं.

"असं कसं? मला चांगलं आठवतंय, चार-पाच तरी सातच्या खाली होत्या. तिथंच सांगितलं होतं मी, उद्या दवाखान्यात या म्हणून. एकही आली नाही. म्हणाल्या, कागद आल्यावर येऊ."

मग त्यांनी विचारलं, ओळी किती आणि कागद किती. मी कधी मोजलेच नव्हते. मोजले. ओळी ६४३. कागद ६३६.

मी त्यांना युक्ती समजावली. म्हणालो, सात ओळी चुकीच्या भरल्या असतील, म्हणून सुटल्या. सिस्टर म्हणाल्या, "मला त्या सात ओळी दाखवा."

काढल्या. पहिलीत आकड्याच्या खान्यात लिहिलं होतं, '६.४ पुन्हा तपासा'. दुसरीत, '६.१ पुन्हा तपासा'. सगळीकडं तसंच. ज्यांचा आकडा फार खाली होता, त्यांच्यापुढं सिस्टरांनी रजिस्टरात शेरा मारला होता आणि मंडळाच्या बायांनी तो इमानानं त्याच खान्यात उतरवला होता. माझा प्रोग्राम आकडा शोधत होता. त्याला आकड्यासोबत शब्द दिसले आणि त्यानं त्या बाया सोडून दिल्या. मीच सांगितलं होतं तसं.

पाचवी ओळ : करुणा रत्नपाल खिल्लारे, वय ४१, हट्टा, ५.८ पुन्हा तपासा.

मी म्हणालो, या नावाची दुसरी कुणी असेल.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, नवऱ्याचं नावही तुमचंच आहे."

वर गेलो. करुणा शिलाई मशीनवर डोकं टेकून बसली होती. विचारलं, तू गेली होतीस?

"गेले होते, शेवटी शेवटी. भागूबाईसंगं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमीच कागद काढणार होता. म्हटलं, त्यात येईलच की. मग माझा न्हाई आला. वाटलं, न्हाई आला म्हंजी आपलं बराबर असंल."

तिच्या तळहातावर पेन्सिलीचा तुकडा होता. तिनं मूठ मिटली नाही.

१५ फेब्रुवारी

वसमतच्या दवाखान्यात आहोत. परवाच्या दिवसाचं नीट लिहिता येत नाही, म्हणून एवढंच : मला भीती वाटली. जीप करून इथं येईपर्यंत मी तिच्याशी एक वाक्य बोललो नाही आणि तिला वाटलं मी रागावलोय.

परत तपासलं तर ५.५. काल एक पिशवी रक्त दिलं, आज दुसरी. डॉक्टर देवश्री मॅडम शांतपणे विचारतात. दम कधीपासून लागतो? करुणा म्हणाली, असंल महिना-दोन महिने. नक्की कधीपासून? तिला सांगता येईना. मला डायरी आठवली. पिशवीत होती. मी पानं उलटून तारखा सांगायला लागलो. बावीस जानेवारी, सहाव्या पायरीवर बसली. सत्तावीस जानेवारी, चेहरा पिवळट. तीस जानेवारी, पेन्सिली. तिथं मी थांबलो.

मॅडम म्हणाल्या, "बापरे, एवढं सगळं टिपून ठेवलंय तुम्ही?"

करुणा पडल्या पडल्या म्हणाली, "लिवायचं काम हाय त्यांचं, मॅडम. वाचायचं न्हाई."

मॅडम तोंड वळवून हसल्या. नंतर त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं आणि करुणाशी बोलल्या. गर्भाशयात गाठ आहे, साधी आहे. वर्षभर पाळीत खूप रक्त जात होतं. वर्षभर. मी बाहेरच्या बाकावर बसून हा शब्द मनात धरून होतो. तिनं शेजारच्या भागूबाईला सांगितलं होतं. मला नाही सांगितलं. विचारलं तर म्हणाली, "तुमाला कसं सांगावं तेच कळंना. तुमी लगेच व्हिडिओ बघत बसला असता."

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मेव्हणा आला, तो करुणाजवळ बसला. मी हट्ट्याला परतलो आणि सिस्टरांना मोटारसायकलवर मागं बसवून निघालो. उरलेल्या सहा जणी.

पहिलं घर शेजारचंच, भागूबाईचं. ती शेतात हळद शिजवायला गेली होती. नवरा सटवाजी बाजेवर बसला होता. म्हणाला, "तिला काय झालंय? कागद न्हाई आला म्हंजी पास झाली ती."

मी म्हणालो, "सटवाजीभाऊ, कागद न्हाई आला ते माझ्यामुळं. पास न्हाई झाली."

"म्हंजी तुमी नापास झाला," तो म्हणाला.

मी व्हय म्हणालो. त्यापुढं त्यानं वाद घातला नाही, चप्पल घालून तिला आणायला गेला.

दुसऱ्या वस्तीवर दिपा नावाची पोरगी, पाचवा महिना चालू, आकडा ६.१. सासू म्हणत होती, पोटुशी बाई दमतेच. सिस्टर सासूजवळ ओट्यावर बसल्या आणि अर्धा तास उठल्या नाहीत. शेवटी सासूच म्हणाली, चला, मीबी येते. दुपारपर्यंत पाच जणी आरोग्य केंद्रात पोचल्या. प्रत्येक घरी मी चूक कुणाची ते सांगितलं. पहिल्या घरी जड गेलं. पाचव्या घरी सिस्टरच म्हणाल्या, सर, आता थोडक्यात सांगा.

सातवी राहिली. गंगूताई, वय ६२, ६.६. वस्तीच्या खान्यात फक्त 'वारंगा फाटा'.

१८ फेब्रुवारी

करुणाला आज बसून जेवताना पाहिलं. भात चिवडला नाही, खाल्ला. मग मला म्हणाली, "माझ्याकडं काय बघत बसलात? ती सातवी कुठाय?"

वारंगा फाट्याला गेलो. गंगूताई नावाची बाई विचारत हॉटेलं, पंक्चरवाले, सगळे पालथे घातले. शेवटी एका जीपवाल्यानं बोट दाखवलं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी हरभऱ्याचे ढाळे विकत बसली होती. माझ्या हातातली फाइल बघून तिनं आधी टोपली मागं ओढली.

"मी रस्त्यावर न्हाई बसत. कडंला बसते."

म्हणालो, मी उठवायला नाही आलो. हट्ट्याच्या शाळेत आला होता तेव्हा रक्त तपासलं होतं ना, त्याचा कागद द्यायचा राहिला.

"एवढ्या लांब कागद द्यायला आलास? पोष्टात हाईस का?"

"न्हाई. कॉम्प्युटरचा क्लास हाय माझा."

"मग पोरं न्हाई येत व्हय क्लासाला?"

कागद लाल छापला होता. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी शेजारी बसून वाचून दाखवला, सावकाश, सगळा. पेन्सिलीची ओळ परत घातली आहे, तीही वाचली. ती म्हणाली, पेन्सिल न्हाई, मी चुलीची माती खाते. कुणाला सांगू नको. मग दोन ढाळे माझ्या मांडीवर टाकले आणि विचारलं, "दवाखान्यात संगं कोण येणार? माझं कोण न्हाई."

वसमतला तिला करुणाच्या शेजारची खाट मिळाली.

२१ फेब्रुवारी

दोघींची चांगलीच गट्टी जमली आहे. मी आलो की बोलणं थांबतं आणि मग दोघी हसतात. आज नर्सही त्यांच्यात सामील होती. गंगूताई मला 'पोष्टमन' म्हणते. करुणालाही आता तेच नाव आवडायला लागलं आहे.

उद्या घरी सोडणार. गोळ्या सुरू आहेत, गाठीसाठी महिन्यानं परत दाखवायचं.

४ मार्च

प्रोग्राम नव्यानं लिहिला. आता जी ओळ समजत नाही, ती तो सोडत नाही. सगळ्यात आधी तीच छापतो, वर मोठ्या अक्षरात : 'ही बाई कोण, जाऊन विचारा'. शेवटी ओळी आणि कागद मोजून दाखवतो. जुळले नाहीत तर बाकीची छपाई करतच नाही.

नीलांबरीबाईंना मंडळाच्या बैठकीत सगळं सांगितलं. वाटलं होतं, शाल परत मागतील. त्या म्हणाल्या, "सर, शेरा त्याच खान्यात आम्हीच लिहिला. पुढच्या वेळी शेऱ्याला वेगळा खाना करू." त्यांनी तिथंच वहीत रेघ मारून खाना करून दाखवला.

पाणी आता मी भरतो. शेजारचे बघतात. बघू देत.

२ एप्रिल

दिपाला भेटायला सिस्टरांबरोबर गेलो. ९.२. सासू गूळ-शेंगदाण्याचा डबा घेऊन मागं मागं फिरते आणि दिपा पळते. भागूबाई ८.९. सटवाजी म्हणाला, आता पास का? म्हणालो, अजून काठावर आहे.

करुणा ९.८. गाठीवर औषध सुरू आहे, ऑपरेशनची घाई नाही म्हणतात.

२० एप्रिल, रविवार

डोंगरकड्याला मंडळाचं दुसरं शिबिर आठ दिवसांपूर्वी झालं. ४१२ जणी. आज तिथं समाजमंदिरात कागद वाटायचे होते. काल सगळे छापून झाले होते, ओळी आणि कागद बराबर जुळले होते. अकरा लाल. मी गठ्ठा बांधायला लागलो, तर करुणा म्हणाली, थांबा, मी येते संगं.

समाजमंदिरात बाया यायच्या आधीच ती यादी घेऊन बसली. "मी नाव वाचते. तुमी कागद काढून दाखवा. दाखवल्याबिगर पुढचं न्हाई."

म्हणालो, अगं, प्रोग्रामनं तपासलंय.

"तपासलं असंल. मी बी तपासते."

मग तिनं सुरुवात केली. पहिलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, वय, वस्ती, आकडा. मी गठ्ठ्यातून कागद काढायचा, वर धरायचा, ती मान हलवायची, पुढचं नाव. आवाज असा की बाहेर चप्पल काढणाऱ्या बाया ऐकून आत यायला लागल्या आणि आपलं नाव आलं की हात वर करायला लागल्या. शंभर झाली. दीडशे झाली. प्रोग्रामला या कामाला एक मिनिट लागतं हे मला सांगायचं होतं, पण मध्ये शिरायला जागाच मिळेना. नाव, वय, वस्ती, आकडा. ती कुठंच थांबत नव्हती.

दोनशे पंधराव्या नावाला माझे हात भरून आले. म्हणालो, जरा हळू वाच.

तिनं यादीवरून नजर वर केली.

"दमलात का?"

मी खरं ते सांगितलं. तिनं तांब्या पुढं सरकवला. मी पाणी प्यालो आणि आम्ही दोनशे सोळाव्या नावापासून पुढं निघालो.